चित्रातला घोडा

गेल्या गणेशोत्सवात महादेवपुऱ्यातील आमच्या वसाहतीतल्या मराठी मंडळींनी एक लहानसे नाटक बसविले होते. विषय जुनाच, पुण्याच्या प्लेगचा आणि २२ जून १८९७ च्या रात्रीचा. परप्रांतात राहणाऱ्या माणसाला आपला इतिहास थोडा अधिकच प्रिय होतो, हे ह्या मासिकाच्या वाचकांस मी सांगावयास नको. दिवसभर व्हाइटफील्डच्या रस्त्यावरील काचेच्या इमारतींत संगणकापुढे बसणारी तरुण मुले संध्याकाळी पगड्या घालून गणेशखिंडीत दबा धरून बसू लागली, आणि दिग्दर्शनाचे काम वयोमानाने माझ्याकडे आले.

अडचण आली ती पिस्तुलाची. बाजारातून आणलेले टिकल्यांचे पिस्तूल दामोदर चापेकरांच्या हाती दिले, की तालमीस बसलेली पोरे हसू लागत. रँडच्या वधाच्या क्षणी प्रेक्षकांत हशा पिकावा, ही कल्पना मला सहन होईना. आमच्याच वसाहतीत मराठा लाइट इन्फन्ट्रीतून निवृत्त झालेले एक सुभेदार मुलाकडे राहतात. त्यांच्याजवळ परवान्याचे रिव्हॉल्व्हर आहे, हे मला ठाऊक होते. एका संध्याकाळी मी त्यांच्याकडे गेलो व म्हटले, "सुभेदारसाहेब, एका रात्रीपुरते द्या. गोळ्या नकोत, रिकामेच हवे. हातात वजन असले की पोराचा हात खरा वाटेल."

सुभेदारांनी चहाचा पेला खाली ठेवला. "गुरुजी, रिकामी बंदूक अशी वस्तू मी अठ्ठावीस वर्षांच्या नोकरीत बघितली नाही. ही रिकामी आहे असं मी स्वतः उघडून बघितलंय, अशी बंदूक बघितली आहे. ती दुसऱ्याच्या हातात गेली की पुन्हा भरलेली." मग थोड्या वेळाने त्यांनी विचारले, "समोर कोण उभा राहणार?"

मी म्हटले, "माझा जावई. तो रँड करतोय."

"मग मुलीला विचारलंत?"

परवान्याचे हत्यार दुसऱ्याच्या हाती देण्यास १९५९ चा शस्त्रकायदाही आड येत होताच. परंतु सुभेदारांनी कायद्याचे नावही काढले नाही. त्यांच्या त्या एका प्रश्नाने मला जे खजील केले, ते कलमाने केले नसते. मी मुलीला विचारले नव्हते. विचारावे असे मनात आलेही नव्हते. कारण "रिकामे" हा शब्द मी वस्तूचे विशेषण म्हणून वापरीत होतो. पेला रिकामा असतो, खोली रिकामी असते, तसे पिस्तूल रिकामे असते असे मला वाटत होते. सुभेदारांच्या लेखी तो शब्द वस्तूविषयी काही सांगत नाही. तो बोलणाऱ्याविषयी सांगतो: मी पाहिले आहे, आणि आत्ताच पाहिले आहे.

आपल्या नैयायिकांनी ज्ञानाची जी साधने सांगितली, त्यांत प्रत्यक्ष आणि शब्द ही वेगळी मानली आहेत. शब्द प्रमाण होतो तो आप्ताचा; आणि आप्त म्हणजे ज्याने स्वतः यथार्थ जाणले आहे व जे जाणले ते तसेच सांगण्याची ज्याची इच्छा आहे असा माणूस. आपले बहुतेक जीवन शब्दावरच चालते. औषधाच्या बाटलीवरील चिठ्ठी, आगगाडीचा हिरवा दिवा, उद्वाहनाच्या भिंतीवरील तपासणीचा कागद, ह्यांतले आपण स्वतः काय पडताळून पाहतो? तेव्हा शब्दावर विसंबणे हा दोष म्हणता येत नाही. परंतु ज्याचा शब्द घ्यावयाचा त्याने खरोखर पाहिले आहे काय, हे विचारण्याचे कर्तव्य कोणत्या ठिकाणी सुरू होते, हा प्रश्न उरतो. आणि चित्रपटाच्या धंद्याने तो प्रश्न अलीकडे फार क्रूर रीतीने पुढे आणला आहे.

२१ ऑक्टोबर २०२१ रोजी अमेरिकेतील न्यू मेक्सिको राज्यात सांता फे जवळच्या बोनान्झा क्रीक रँच ह्या ठिकाणी 'रस्ट' नावाच्या चित्रपटाची तयारी चालली होती. नट ॲलेक बाल्डविन ह्यांच्या हाती जुन्या घाटाचे कोल्ट रिव्हॉल्व्हर होते. ते देताना "थंड" असे पुकारण्यात आले. तिकडच्या परिभाषेत त्याचा अर्थ, ह्यात पेटणारे काही नाही. त्यातून खरी गोळी सुटली. छायाचित्रकार हलिना हचिन्स मृत्यू पावल्या व दिग्दर्शक जोएल सूझा जखमी झाले. ज्या सहायक दिग्दर्शकाने ते पुकारले, त्याने पुढे तपासात कबूल केले की सगळी काडतुसे पाहावयास हवी होती. आपण ती पाहिली नाहीत. म्हणजे शब्द होता, आणि त्या शब्दामागे प्रत्यक्ष नव्हते. न्यायशास्त्राच्या भाषेत तो आप्त उरला नव्हता. पण ऐकणाऱ्याला हे कसे कळावे?

ह्या खटल्याचा शेवट वाचकांनी वर्तमानपत्रांत वाचलाच असेल. सहायक दिग्दर्शकाला थोडक्या मुदतीची परिवीक्षा मिळाली. हत्यारांची व्यवस्था पाहणाऱ्या तरुणीला मार्च २०२४ मध्ये दोषी ठरवून अठरा महिन्यांची शिक्षा झाली. बाल्डविन ह्यांच्यावरील खटला जुलै २०२४ मध्ये न्यायालयाने काढून टाकला. पण तो ते निर्दोष आहेत असे ठरवून नव्हे, सरकार पक्षाने काडतुसांविषयीचा पुरावा बचाव पक्षापासून दडविला म्हणून. आपण चाप ओढलाच नाही, घोडा मागे ओढून सोडला, असे बाल्डविन ह्यांचे म्हणणे होते. चाप की घोडा, ह्यावर तज्ज्ञांनी पुष्कळ खल केला. मला तो खल नैतिक दृष्ट्या काहीसा गौण वाटतो. चाप ओढला असो वा नसो, नळी माणसाकडे होती, हे त्यात कोणी नाकारीत नाही.

गीतेच्या अठराव्या अध्यायात कोणत्याही कर्माची पाच कारणे सांगितली आहेत: अधिष्ठान, कर्ता, करण, निरनिराळ्या चेष्टा आणि पाचवे दैव. जो केवळ स्वतःलाच कर्ता समजतो त्याला नीट दिसत नाही, असेही तेथे म्हटले आहे. 'रस्ट'च्या प्रकरणाला ही पंचकारणी चपखल लागू पडते: ती माळरानावरील लाकडी इमारत, तो नट, ते रिव्हॉल्व्हर, चौघापाचांच्या हालचाली, आणि खोट्या काडतुसांत मिसळून आलेले एक खरे काडतूस. परंतु ह्या विचारात एक धोका आहे, आणि तो मी लपवू इच्छीत नाही. पाच कारणे मोजली की प्रत्येकाच्या वाट्याला एकपंचमांश दोष येतो, असा हिशेब मन लगेच मांडू लागते. कर्ज वाटून घेता येते. पाच भावांनी ते फेडले म्हणजे प्रत्येकाचा भार हलका होतो. सावधपणाचे तसे होत नाही. पाच जणांनी सावधपणा वाटून घेतला की प्रत्येक जण इतर चौघांच्या भरवशावर असतो, आणि मग तो कोणाच्याच जवळ उरत नाही. पलटणीतील माणूस बंदूक हाती घेताना ती उघडून पाहतो, देणाऱ्याने तिच्यात पाहिले असले तरी घेणारा पुन्हा पाहतो. ह्यात देणाऱ्याचा अपमान होत नाही, ही त्या संस्कृतीची मोठी कमाई आहे. आपल्या नागरी जीवनात मात्र दुसऱ्याने पाहिलेले पुन्हा पाहणे म्हणजे अविश्वास दाखविणे ठरते, आणि भिडेखातर किती अपघात होत असतील देव जाणे.

ह्याला एक आक्षेप आहे व तो पोकळ नाही. तिकडच्या नटांच्या संघटनेने २०२३ च्या आरंभी जाहीरपणे सांगितले की नटाचे काम हत्यारांचा तज्ज्ञ होणे हे नव्हे. खरोखर, नटाने उघडून पाहिले तरी त्याला काय कळणार? जवळून चित्र घ्यावयाचे असेल तर रिव्हॉल्व्हरच्या घरांत गोळ्या दिसाव्या लागतात. म्हणून आत दारू नसलेली, पण बाहेरून हुबेहूब अशी खोटी काडतुसे भरतात. ती आणि खरी ह्यांतला फरक हलवून, ऐकून किंवा बुडाशी पाहून ओळखावा लागतो. हे नटावर सोपविणे म्हणजे रोग्याला आपल्याच औषधाचे पृथक्करण करावयास सांगण्यासारखे होय. इतके मला मान्य आहे. तथापि एक गोष्ट केवळ नटाच्याच हाती असते, आणि तिला कसल्याही विद्येची गरज नाही. ती म्हणजे दिशा. माणसाच्या छातीवर नळी न रोखता ती हातभर बाजूला धरली तरी कॅमेऱ्याच्या कोनामुळे ती रोखल्यासारखी दिसते. कॅमेऱ्याकडेच रोखावयाची असेल तर कॅमेऱ्यामागचे माणूस दूर करता येते, मध्ये जाड पारदर्शक पडदा ठेवता येतो. ज्या कलेचा सगळा संसार कोनांवर उभा आहे, तिला एवढा कोन साधू नये?

अज्ञानाचे ह्याहूनही सूक्ष्म उदाहरण आहे. ३१ मार्च १९९३ रोजी 'द क्रो' ह्या चित्रपटाच्या चित्रणात ब्रँडन ली हा तरुण नट मेला. तेथे खरे काडतूस कोणी भरले नव्हते. आधी केव्हातरी एका दृश्यासाठी खऱ्या काडतुसांतली दारू काढून खोटी काडतुसे बनविली होती, पण बुडाची टोपी तशीच राहिली. त्या टोपीच्या बेताच्या स्फोटाने गोळीचे टोक सुटून नळीत अडकले. पुढे दुसऱ्या दृश्यासाठी त्याच रिव्हॉल्व्हरमध्ये गोळी नसलेले, नुसत्या आवाजाचे काडतूस घातले, आणि त्याच्या दारूने नळीतले टोक पुढे ढकलले. गोळी एका दिवशी आली, दारू दुसऱ्या दिवशी. दोन्ही निरुपद्रवी वस्तू एका नळीत भेटल्या. त्या दिवशी नळीत काठी घालून कोणी पाहिले असते तर? १९८४ मध्ये जॉन-एरिक हेक्सम ह्या नटाने तर थट्टेत असले 'नुसत्या आवाजाचे' काडतूस घातलेले रिव्हॉल्व्हर स्वतःच्याच कानशिलाला लावून उडविले. गोळी नव्हती, पण वायूचा धक्का कवटी फोडण्यास पुरे झाला. "गोळी नाही" आणि "भय नाही" ह्या दोन वाक्यांत केवढे अंतर आहे!

आता दुसऱ्या बाजूकडे वळू. एवढा खटाटोप कशासाठी? खरेपणासाठी, असे सांगतात. मीही सुभेदारांना तेच सांगितले होते. पण कलेतील खरेपणा म्हणजे काय, ह्याचा विचार आपल्याकडे झालेला आहे, आणि तो बंदुकीच्या कितीतरी आधी झालेला आहे. भरताच्या नाट्यशास्त्रात रंगभूमीवरील शस्त्रे गवत, वेळूच्या कांबी, लाख अशा हलक्या वस्तूंची करावीत असे म्हटले आहे. रंगावर खरोखर छेद-भेद करू नये, रक्त काढू नये, प्रहाराचा अभिनय तेवढा करावा असेही बजावले आहे. जड दागिन्यांनी नट थकतो, त्याला घेरी येते, म्हणून तेही भरीव नसावेत. ज्या ग्रंथाला आपण सौंदर्यशास्त्र म्हणून डोक्यावर घेतो, त्यात ही कामगारांच्या सुरक्षिततेची कलमे आहेत, हे आपल्या प्राध्यापकांनी फारसे सांगितलेले नाही.

पुढे श्रीशंकुकाने रंगभूमीवरील रामाचे ज्ञान कसले, हे सांगताना चित्रातल्या घोड्याचा दृष्टांत दिला. त्याचा ग्रंथ आज उपलब्ध नाही. अभिनवगुप्ताने खंडन करण्यासाठी त्याचे मत सांगितले म्हणून ते आपल्याला कळते. चित्रातला घोडा पाहून आपण "हा घोडा" म्हणतो. ते ज्ञान खरे नव्हे, खोटे नव्हे, संशय नव्हे, आणि "घोड्यासारखे काहीतरी" असेही नव्हे. ह्या चोहोंहून ते निराळे आहे. अभिनवगुप्ताचा आक्षेप काही असो, मला तो घोडा सोडवत नाही. आपल्या भाषेत बंदुकीलाही घोडा असतो. चित्रपटातले पिस्तूल हा चित्रातला घोडा असावयास हवा. त्याने लाथ मारली की ते चित्र उरत नाही. त्या क्षणी प्रेक्षकाला होते ती भीती लौकिक भीती होय, भयानक रस नव्हे. दोरीवरून चालणारा डोंबारी पडेल की काय ह्या भीतीच्याच जातीची.

महादेवपुऱ्याहून म्हैसूरच्या रस्त्याने निघाले तर साठएक किलोमीटरांवर रामनगरच्या शिळा लागतात. १९७३ च्या ऑक्टोबरात तेथे 'शोले'चे चित्रण सुरू झाले. हाणामारीच्या व गोळीबाराच्या दृश्यांसाठी इंग्लंडहून जाणते लोक आणले होते. तरीही, धर्मेंद्र ह्यांनी एका दृश्यात काडतुसे भरताना पुन्हा पुन्हा चूक होते म्हणून वैतागून बार उडविला, ती गोळी खरी निघाली व आपल्या कानाजवळून सूं करीत गेली, अशी हकीकत अमिताभ बच्चन ह्यांनी दूरचित्रवाणीवर हसतहसत सांगितली आहे. प्रेक्षकही हसले. मी ती ऐकताना हसलो होतो, हे येथे नमूद केले पाहिजे. वीतभर फरकाने जी कथा शोकसभेत सांगावी लागली असती, ती करमणुकीची झाली. फरक एवढाच की गोळी वीतभर चुकली. गंमत अशी, की 'शोले'तील जो प्रसंग लोकांच्या मनावर कोरला गेला, गब्बरसिंग आपल्या तीन साथीदारांना उभे करून रिव्हॉल्व्हरचे चक्र फिरवितो तो, त्यात आपल्याला घाबरविते ते मोजलेले मौन. काडतूस आत आहे की नाही हे कोणाला ठाऊक नाही, हाच तेथला सारा नाट्यविषय. अज्ञानाचा असा उपयोग कलेने कथेच्या आत करावा, बाहेर नव्हे.

आणि बाहेर जे मरतात ते बहुधा पडद्यावर ओळखू येणारे नसतात. म्हैसूरच्या प्रीमियर स्टुडिओत ८ फेब्रुवारी १९८९ रोजी टिपू सुलतानवरील मालिकेच्या चित्रणाच्या वेळी आग लागली व साठांहून अधिक माणसे गेली. ७ नोव्हेंबर २०१६ रोजी बंगळूरजवळच्या तिप्पगोंडनहळ्ळीच्या जलाशयात एका कन्नड चित्रपटासाठी हेलिकॉप्टरमधून उड्या मारलेले दोन नट बुडाले; नायक वाचला. ह्यांत बंदूक नाही, पण मागणी तीच आहे: प्रेक्षकाला खरे वाटले पाहिजे. तो प्रेक्षक म्हणजे मी. आमच्या घरापासून थोड्याच अंतरावरील चित्रपटगृहात तिकीट काढून बसणारा.

आमच्या नाटकात बाळकृष्ण झालेला मुलगा चित्रपटांसाठी संगणकावर आगीचे लोळ व बंदुकीच्या नळीवरचा भडका काढण्याचे काम करतो. त्याने मला सांगितले की खऱ्या बाराचा भडका इतका क्षणिक असतो की सेकंदाला चोवीस चित्रे घेणारा कॅमेरा पुष्कळदा तो पकडतच नाही. झडप मिटलेली असताना तो येऊन जातो. संगणकाने काढलेला भडका कधी चुकत नाही. म्हणजे खऱ्याहून खोटेच अधिक खरे दिसते. 'रस्ट'च्या दुर्घटनेनंतर पुष्कळ निर्मात्यांनी चित्रणाच्या जागेवरून पेटणारी हत्यारे हद्दपार केली. रबराची किंवा हवेच्या दाबाची खेळणी वापरतात, भडका मागाहून भरतात, आवाज तर पूर्वीपासूनच निराळा भरीत आले आहेत. उघड्या माळावरचा खरा बार कोरडा, काठी मोडल्यासारखा असतो, असे सुभेदार सांगतात. पडद्यावरचा तसा कधीच नसतो.

येथपर्यंत सारे बरे आहे, आणि येथेच मला एक अस्वस्थता वाटते. पूर्वी प्रत्येक बाराला दाम पडत असे, तयारी लागत असे, भय बाळगावे लागे. आता संगणकावर एक भडका काढला काय किंवा दहा हजार काढले काय, सारखेच. नटाला इजा नाही हे उत्तमच. पण त्यामुळे पडद्यावरचे मरण स्वस्त झाले. अलीकडच्या एखाद्या चित्रपटात नायक दहा मिनिटांत जेवढी माणसे लोळवितो, तेवढी गावे प्लेगने ओस पडत. १९९१ च्या अभ्यवेक्षणाच्या मार्गदर्शक सूत्रांत हिंसेचे गौरवीकरण वा समर्थन होऊ नये असे म्हटले आहे. परंतु मोजदाद सूत्राने थांबत नाही. ह्या स्वस्ताईवर उपाय म्हणून पुन्हा खरी हत्यारे आणा, असे म्हणण्याइतका मी निर्दय नाही. वजन हत्यारात ठेवता येत नसेल तर ते दुसरीकडे कोठेतरी ठेवावे लागेल, एवढे मला दिसते.

ह्या बाबतीत १९७९ चा '२२ जून १८९७' हा मराठी चित्रपट मला आठवतो. नचिकेत आणि जयू पटवर्धनांनी तो केला, आणि त्याच्या लेखनात शंकर नाग ह्यांचा हात होता. पुढे ज्यांना सारा कर्नाटक आपला नट म्हणून ओळखू लागला तेच. त्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर उडालेल्या गोळ्या इतिहासात मोजक्याच आहेत. रँडला जखम झाली व तो ३ जुलैला मेला. मागच्या गाडीतील लेफ्टनंट आयर्स्ट जागीच गेला. त्यांच्या पाठोपाठ तिघे चापेकर बंधू आणि महादेव रानडे फासावर चढले, शेवटचा १८९९ च्या मे महिन्यात. दोन बार, आणि त्यांचा पडसाद दोन वर्षे चालला. आयर्स्टचे काय, हा प्रश्न आम्ही शाळेत कधी विचारला नाही. तालमीत आयर्स्टचे काम कोणाला द्यावे असा प्रश्न निघाला तेव्हा एकही मुलगा पुढे येईना, कारण त्याला एकही वाक्य नव्हते.

शेवटी पिस्तूल लाकडाचे झाले. वसाहतीत काम करणाऱ्या सुताराने ते एका तासात कापून दिले, मुलांनी काळे रंगविले, आणि वजनासाठी मुठीत शिसे ओतले. ती सूचना सुभेदारांची. तालमीला ते रोज येऊन बसू लागले व दामोदरला एकच गोष्ट घटवीत राहिले: बोट चापावर शेवटी जाते, आधी सरळ असते, आणि नळी जावयाच्या उजव्या खांद्याबाहेर. "लाकडाची आहे हो," तो मुलगा एकदा म्हणाला. "हाताला ठाऊक नसतं," सुभेदार म्हणाले.

प्रयोगाच्या रात्री पडद्यामागे एकाने पत्र्याच्या ट्रंकेवर काठी हाणली. कोणी हसले नाही. पुढच्या रांगेतील माझ्या नातीने आवाजाच्या आधीच कानांवर हात ठेवले होते; बाप पडला तेव्हा ती क्षणभर उठून उभी राहिली, मग आईकडे पाहून खाली बसली. खेळ संपल्यावर सामान आवरताना सुभेदारांनी ते लाकडी पिस्तूल मागून घेतले, सवयीने जमिनीकडे वळविले, आणि दिव्याखाली धरून नीट पाहिले. नळीला भोक पाडावयास सुतार विसरला होता.